टाकीचा आकडा

आधीच सांगून टाकते, मला ती टाकी कधीच आवडली नव्हती. लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर नवऱ्याने घरात सवत आणावी, अन् तीही काचेची, दोनशे लिटर खारं पाणी पोटात घेऊन बसलेली! दीपनगर कॉलनीतलं आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. सोफा ठेवायचा तिथे टाकी. पाहुणे आले की सतरंजीवर.

आमचे हे, जीवराम नारखेडे, वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. बॉयलरच्या पाण्यात रोज कोणतं औषध किती सोडायचं, हे मोजणं हीच त्यांची नोकरी. घरी आल्यावर तरी माणसाने पाय पसरून बसावं की नाही? नाही. हे टाकीसमोर. टाकीत चार मासे आणि एक प्रवाळ. "दगड नाही गं तो, जिवंत प्राणी आहे," हे मी शंभरदा ऐकलं. मुंबईहून आणलं तेव्हा लिंबाएवढं होतं, पाच वर्षांत कवठाएवढं झालं. वर सगळ्या वळ्याच वळ्या. मी त्याला फ्लावर म्हणायची. "तुमच्या फ्लावरला जेवायला घातलं का?" असं विचारलं की हे नुसते हसायचे.

पाणीसुद्धा समुद्राचंच लागायचं. भुसावळचे झुलालभाऊ, रेल्वेत गार्ड, मुंबईहून कॅन भरून आणायचे. दुसऱ्या गावात ती टाकी आठ दिवस टिकली नसती, कारण हवेचा पंप आणि दिवे सतत लागतात. आमच्याकडे लाईट जात नाही. जिथे बनते तिथेच राहतो आम्ही.

आता ती निवळीची भानगड सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रवाळ पाण्यातला चुना ओढून घेतं आणि त्याचंच अंग बांधतं. त्यामुळे पाण्यातला चुना रोज घटतो. जेवढा घटला तेवढा रोज परत द्यायचा. त्यासाठी हे प्रयोगशाळेतला स्वच्छ चुना पाण्यात ढवळायचे, खाली बसू द्यायचे आणि वरची नितळ निवळी बाटलीत भरायचे. बाटली टाकीच्या वर खिळ्याला टांगलेली, तिला बारीक नळी, नळीच्या टोकाला ठिबकचा ड्रीपर. तो ड्रीपर माझ्या भावाच्या असोद्याच्या केळीच्या शेतातला. थेंब थेंब करत दोन तासांत बाटली रिकामी व्हायची. "कमी पडलं तर ते झिजतं, जास्त झालं तर भाजतं," हे म्हणायचे. मी म्हणायची, "माझ्या भाजीत मीठ किती ते कधी बघितलं नाही तुम्ही."

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, पाण्याचा कॅन उचलताना यांच्या छातीत कळ आली. तोंड पांढरंफटक, घामाने बनियन ओलं. कॉलनीच्या गाडीतून जळगावला नेलं. त्या तशा अवस्थेत माझं मनगट धरून म्हणतात काय, "लता, निवळी बंद पडू देऊ नकोस." मला इतका संताप आला! माणूस मरायला टेकलाय अन् याला चुन्याची पडलीय. रडतारडता मी म्हटलं, "घाला चुलीत तुमची निवळी."

पण दिली मी. रोज दिली. आमचे दीर कौतिकभाऊ रात्री दवाखान्यात थांबायचे आणि मी सकाळी एसटीने जायची, संध्याकाळी घरी यायची.

चौथ्या दिवशी यांना बोलायची परवानगी मिळाली आणि पहिलं वाक्य, "आजचा आकडा किती?"

"कसला आकडा?"

"टाकीचा. मोजलं नाहीस?"

मग खाटेवर पडल्यापडल्या शिकवलं मला. काचेची उभी नळी असते, ब्युरेट म्हणतात, तिच्यावर आकडे. त्यात पातळ केलेलं ऍसिड. खाली टाकीचं पन्नास मिली पाणी, त्यात रंगाचे दोन थेंब टाकले की पाणी पिवळं. वरून ऍसिड थेंबाथेंबाने सोडायचं, पिवळ्याचं नारिंगी झालं की तिथेच थांबायचं. जेवढं ऍसिड लागलं तो आकडा. टाकी बरी असली की आकडा साडेसातच्या आसपास.

"आता दोन दिवस निवळी देऊ नकोस," हे म्हणाले. "रोज एकाच वेळी मोज. दोन दिवसांत जेवढा आकडा उतरेल त्याचं निम्मं म्हणजे त्याची रोजची भूक. आकडा एकने उतरला तर दोन लिटर निवळी. हिशेब तू कर, मी नाही सांगणार."

मी अकरावी पास आहे, पण तेवीस वर्षांत आकड्याशी संबंध आला तो स्वेटरच्या टाक्यांपुरता. तरी मोजलं. पहिल्या दिवशी सात पॉइंट सहा. दुसऱ्या दिवशी सात पॉइंट तीन. तिसऱ्या दिवशी बरोब्बर सात. दोन दिवसांत पॉइंट सहाने, यांच्या भाषेत सहा कणांनी, उतरलं, म्हणजे रोज तीन कण. एकाला दोन लिटर, तर पॉइंट तीनला? कॅलेंडरच्या मागे चारदा गुणाकार केला. सहाशे मिली. दवाखान्यात जाऊन सांगितलं तर हे म्हणाले, "शाबास. मीही सहाशेच देत होतो." अन् मला, काय सांगू, मॅट्रिकच्या निकालाला झाला नव्हता एवढा आनंद झाला.

तेव्हापासून रोज खोलीत शिरल्याबरोबर हे विचारायचे, "आकडा?" मी सांगायची. सात पॉइंट दोन. सात पॉइंट चार. शेवटी वॉर्डबॉय मला बाजूला घेऊन हळूच म्हणतो, "ताई, ओपनचा की क्लोजचा? आम्हालाही सांगत जा ना." मेल्याला वाटलं आम्ही मटका खेळतो! हे त्या दिवशी आजारपणात पहिल्यांदा मोठ्याने हसले. नर्स ओरडली दोघांना.

मग तो गुरुवार आला.

दर गुरुवारी धुळ्याहून हृदयाचे मोठे डॉक्टर यायचे. त्यांनी कागद बघितले, यांना तपासलं आणि मला बाहेर पॅसेजमध्ये बोलावलं. "झटका साधा नव्हता. हृदयाचा एक तुकडा कामातून गेलाय. आणखी नळ्या बंद असणार. मुंबईला नेऊन तपासून ऑपरेशन करावं लागेल, आणि त्यात जोखीम आहे. पण इतक्यात त्यांना सांगू नका. मनावर ताण आला तर दुसरा झटका येईल."

मी आत गेले. हे बघत होते माझ्याकडे. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतात बारीक झटका होता. आराम करा म्हणे." तोंडावर हसू आणलं आणि मोसंबं सोलायला घेतलं. साल अन् फोड एकदमच निघत होती.

त्या दिवशी सकाळी निघताना आणखी एक घोटाळा झाला होता. ड्रीपर चोंदला होता. पांढरा थर बसून थेंबच पडेना. माझी बस चुकत होती. तेवढ्यात माझा धाकटा भाऊ निंबा आला, मोटारसायकलवर केळ्यांचा फणा बांधून. भुसावळला शेतीचं सामान घेऊन तसाच इकडे आला होता. मी म्हटलं, "निंबा, मी येईस्तोवर घरी थांब. तो ड्रीपर चोंदलाय, जमलं तर मोकळा कर." एवढं बोलून पळाले.

जमलं तर मोकळा कर! माझ्याच तोंडाने बोलले मी हे.

संध्याकाळी पाचला परत आले. डोक्यात धुळ्याच्या डॉक्टरांचं एकेक वाक्य फिरत होतं. दार उघडलं तर निंबा खूश. "ताई, बठ्ठं, सारंच मोकळं झालं बघ! थेंब कसा टपटप पडून राह्यला व्हता. बाटलीबी कशी आरशावानी झाली."

मी टाकीकडे बघितलं. चारही मासे पाण्याच्या वर तोंडं काढून आ वासत होते. फ्लावर आवळून बसलं होतं, वळ्यांतून शेंबडासारखं काहीतरी लोंबत होतं. रोज संध्याकाळी त्याच्या वळ्यांतून बारीक बारीक बोटं बाहेर यायची, त्यातलं एकही नव्हतं.

"काय केलंस तू?"

"काय म्हंजे? ऍसिड दिलं. आपण केळीले देतो तसं."

आमच्याकडे ठिबक चोंदलं की शेतकरी हेच करतो. मुख्य नळीत ऍसिड सोडायचं, ते ड्रीपरचा चुना खात खात बाहेर पडतं अन् मातीत जिरतं. माती ते पचवते, केळीला काही होत नाही. निंबाने त्याच दिवशी शेतासाठी ऍसिडचा कॅन घेतला होता. त्यातलं अर्धा कप बाटलीत ओतलं, वर पाणी भरलं आणि सोडून दिलं. पण इथे खाली माती नव्हती. इथे यांची पाच वर्षं होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "अरे मुडद्या, ती टाकी आहे, केळीचं वावर नाही! ड्रीपर काढून वाटीत धुवायचा एवढं कळत नाही? अक्कल विकून केळी लावलीस का?" निंबा उभाच. सहा फुटी माणूस, दोन पोरांचा बाप, डोळे भरून आले त्याचे. "ताई, मले वाटलं दाजी घरी येतीन तं खूश होतीन..." मी त्याला आणखी बोलले. काय बोलले ते आता आठवलं तरी लाज वाटते. अर्धा राग डॉक्टरवरचा होता, तो निंबावर काढला.

मग मोजलं. ब्युरेट सोडली आणि पाणी किती लवकर नारिंगी झालं! तीन पॉइंट चार. सकाळी सात पॉइंट चार होतं. चारने खाली. एकाला दोन लिटर, म्हणजे चाराला आठ लिटर निवळी. मी मोठं पातेलं काढलं, चुना ढवळला, बसायची वाटसुद्धा बघितली नाही, अन् ओतणार तेवढ्यात मागून आवाज आला, "भाभी, थांबा! काय करताय?"

यांच्या प्रयोगशाळेतले शकीलभाऊ. निंबाच त्यांना बोलवायला धावला होता. त्यांनी माझ्या हातातलं पातेलं काढून खाली ठेवलं.

"आठ लिटर लागतात, मी हिशेब केलाय," मी ओरडले.

"हिशेब बरोबर आहे. पण एकदम ओताल तर सगळा चुना पांढरा होऊन खाली बसेल अन् उरलेलं प्रवाळ जळून जाईल. ऍसिडने अर्धमेलं झालंय, चुन्याने पुरतं माराल त्याला." त्यांनी खाण्याचा सोडा मागितला. स्वयंपाकघरातला, ढोकळ्याचा. "आकडा एकने चढवायला पावणेसात ग्रॅम. चाराला सत्तावीस. तीन दिवसांत द्यायचा, रोज नऊ ग्रॅम, तोही पाण्यात विरघळवून थोडा थोडा. घाई नाही करायची."

"तीन दिवस ते जगेल?"

शकीलभाऊ खोटं बोलले नाहीत. "मला नाही माहीत, भाभी," म्हणाले. प्रयोगशाळेतून छोटा तराजू आणून त्यांनी सोड्याच्या तीन पुड्या बांधल्या, पहिली लगेच दिली आणि हवेचा दुसरा पंप लावून दिला. निंबा दोन तास टाकीसमोर जमिनीवर बसून होता, जेवलाही नाही.

शुक्रवारी दवाखान्यात गेले. पायरी चढतानाच ठरवलं होतं. यांना ताण द्यायचा नाही.

"आकडा?"

"साडेसात."

हे बघत राहिले. "बरं," म्हणाले.

घरी येऊन मोजलं तर चार पॉइंट आठ. मासे खाली गेले होते. फ्लावर तसंच आवळलेलं. दुसरी पुडी दिली.

शनिवारी, "आकडा?" "साडेसात." "छान," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या दिवशी जेवले नाहीत. मला वाटलं पथ्याचा कंटाळा आला असेल. घरी आकडा सहा. फ्लावरच्या एका कडेचं मांस निघून खालचं पांढरं हाड दिसायला लागलं होतं. बोटाच्या पेराएवढा डाग. मी टाकीसमोर बसले आणि त्या दगडाला, हो दगडालाच, हात जोडले. म्हटलं, बाबा, मी तुला फ्लावर म्हटलं, सवत म्हटलं, चुकलं माझं. ते घरी येईस्तोवर तेवढा राहा.

रविवारी सकाळी मोजलं, सात पॉइंट दोन. कधी नव्हे ती हलकी होऊन मी बसमध्ये बसले. आज निदान खरं सांगता येईल असं वाटलं. पण दोन दिवस साडेसात सांगितल्यावर एकदम सात पॉइंट दोन कसं सांगायचं? हे विचारतील, का उतरलं? खोट्याचं असंच असतं, एक लपवायला दुसरं पोसावं लागतं.

"आकडा?"

"साडेसात," मी म्हटलं.

हे उठून बसले. नर्सने उठू नका सांगितलेलं असताना उठून बसले. आवाज चढवला नाही.

"लता, मी सव्वीस वर्षं ब्युरेट धरलीय. तोच आकडा तीन दिवस येत नाही. एका कणाने तरी हलतो. टाकी मेली का?"

मी म्हटलं, "नाही हो, मेली नाही..." आणि धरण फुटावं तशी रडले. रडत रडत सगळं सांगितलं. निंबा, ऍसिड, अर्धा कप, तीन पॉइंट चार, आठ लिटरचं पातेलं, शकीलभाऊ, ढोकळ्याचा सोडा. हे मधेच विचारायचे, "किती ग्रॅम? कितीदा? पाण्यात विरघळवून दिलास ना?" असं, जणू मी त्यांच्या हाताखालची नवी पोरगी.

"आजचा खरा आकडा?"

"सात पॉइंट दोन. आणि एका कडेला पेरभर पांढरं झालंय. ते गेलं."

"बाकीचं?"

"काल संध्याकाळी दुसऱ्या बाजूने दोन-चार बोटं बाहेर काढली होती त्याने. मी मोजली."

हे मागे टेकले. डोळे मिटले. आता छातीत दुखतं म्हणाले तर? नर्सला हाक मारायला मी उठलेच, तर त्यांनी पदर धरून खाली बसवलं.

"मला टाकीची एवढी काळजी नव्हती गं," हे म्हणाले. "गुरुवारी तू पॅसेजमधून आलीस आणि बारीक झटका म्हणालीस. मोसंब्याचा पार चेंदा केलास हातात. तेव्हापासून मी बघतोय, तू मला खरं सांगतेस की नाही. दुसरं काही मोजायला माझ्या हातात नाही. तुझा आकडा तेवढा होता. दोन दिवस साडेसात ऐकलं आणि मला वाटलं, संपलं, आता मला कोणीच खरं सांगणार नाही. मी शनिवारी जेवलो नाही ते त्यामुळे."

मी पदराने डोळे पुसले.

"आता माझा आकडा सांग."

"डॉक्टरांनी सांगू नका म्हटलंय."

"लता."

सांगितलं. तुकडा गेल्याचं, नळ्यांचं, मुंबईचं, जोखमीचं. एक शब्द गाळला नाही. हे ऐकत होते आणि बोटाने चादरीवर रेघा ओढत होते. शेवटी म्हणाले, "पेरभर गेलं म्हणजे. बाकीचं जगतं." अन् ताट मागितलं. दवाखान्याची ती पातळ खिचडी चाटूनपुसून खाल्ली.

मुंबईला निघायचं ठरलं तेव्हा प्रश्न आला टाकीचा. शकीलभाऊंची पाळी बदलती, त्यांना रोज एका वेळी जमणार नव्हतं. हे म्हणाले, "निंबाला शिकव."

"त्या ऍसिडवाल्याला?"

"त्याच्यासारखं डोळ्यात तेल घालून आता कोणी बघणार नाही."

तीन संध्याकाळी निंबाला ब्युरेट शिकवली. केळीचे घड उचलणारे ते हात, पण थेंब असा सोडायचा की मीच बघत राहायची. मी त्याची माफी मागितली तर म्हणतो, "जाऊ दे ना ताई, आकडा लिव्ह."

मुंबईला ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सातला मी दवाखान्यासमोरच्या एसटीडी बूथवरून शकीलभाऊंच्या घरी फोन लावला. निंबा तिथे येऊन बसला होता.

"ताई, सात पॉइंट एक. काल सात पॉइंट तीन व्हतं. घटलं जरा."

"का घटलं?"

"काल बाटली अर्धीच भरली व्हती मी, सकाळी ध्यानात आलं. मही चूक. आज सहाशे बरोबर देतो."

पळत वर आले तर यांना ट्रॉलीवर घेतलं होतं, डोक्याला हिरवी टोपी. मला बघून मान वर केली.

"आकडा?"

"सात पॉइंट एक. काल सात पॉइंट तीन होता."

"घटला?"

"घटला. निंबाची चूक झाली. तो स्वतःच म्हणाला."

"मग खरं आहे," हे म्हणाले, आणि हसले. "लता, आतून बाहेर आले की डॉक्टर आधी तुला सांगतील. मग तू मला सांगायचं. जे असेल ते."

"सांगेन," मी म्हटलं, आणि ट्रॉली आत गेली.